एक ऑगस्टच्या टेबलावरचे दोन फोटो

आमच्या शाळेत दिनविशेषाचा फळा माझ्याकडे आहे, सतरा वर्षं झाली. परिपाठाच्या आधी पाच-सात मिनिटं मिळतात, तेवढ्यात सुविचार, तारीख, वार आणि खाली आज कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं ते लिहायचं, रंगीत खडू शिल्लक असतील तर चौकट मारायची. बहुतेक तारखांना फळ्यावरच्या ओळींचा एकमेकींशी काही संबंध नसतो. १ ऑगस्टचंच बघा ना. १७७४ला प्रीस्टलीने ऑक्सिजन शोधला, १९१४ला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, १९४४ला वॉर्सात नाझींविरुद्ध उठाव सुरू झाला, कमला नेहरूंचा जन्म १८९९चा, आपल्या भगवानदादांचा १९१३चा, शिवाय आपल्याकडे तहसीलवाल्यांचा महसूल दिन. ही सगळी माणसं आणि घटना तारखेमुळे शेजारी आल्यात, बाकी काही नाही.

पण त्याच फळ्यावर दोन नावं अशी आहेत की त्यांची नुसती तारीख एक नाही, दिवसच एक आहे. १ ऑगस्ट १९२०, रविवार. लोकमान्य टिळक गेले तो दिवस आणि अण्णाभाऊ साठे जन्मले तो दिवस. हे मला पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले होते, कारण तोवर मी दरवर्षी एका ओळीत पुण्यतिथी आणि दुसऱ्या ओळीत जयंती लिहून मोकळी होत होते, साल बघतच नव्हते.

टिळक गेले मुंबईत, सरदारगृहात, मध्यरात्र उलटून गेल्यावर. १ ऑगस्ट लागून तासभरसुद्धा झाला नव्हता. म्हणजे तासभर आधी गेले असते तर पुण्यतिथी ३१ जुलैची झाली असती आणि शाळाशाळांमधून हे दोन फोटो एका टेबलावर कधी आलेच नसते. दिवस उजाडल्यावर मुंबई रस्त्यावर आली, पाऊस, माणसांचा समुद्र, गांधीजींनी खांदा दिला, गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. असहकाराची चळवळ सुरू करायला गांधीजींनी तोच दिवस ठरवलेला होता. आणि त्याच दिवशी आजच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात मांगवाड्यात भाऊराव साठ्यांच्या घरी मुलगा झाला, तुकाराम. तोच पुढे अण्णाभाऊ.

एकाच दिवसाचं एक टोक असं की मरणाची घटकासुद्धा नोंदली गेली, डॉक्टर होते, वर्तमानपत्रं होती, खाली गर्दी थांबली होती. आणि दुसरं टोक गावाबाहेरच्या वस्तीतलं, जिथे त्या काळी कोण जन्मलं नि कोण गेलं याची दखल घ्यायला गाव येत नव्हतं, चौकीवाला मात्र हजेरी घ्यायला यायचा, कारण जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा होता. आमच्या वडिलांचा जन्म बेंदराच्या दुसऱ्या दिवशीचा, हे आज्जी मरेपर्यंत सांगायची, शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून आहे, मास्तरांनी लिहिला तो. त्या पिढीतली अर्धी माणसं आपल्याकडे १ जूनचीच आहेत. म्हणून मला वाटतं की ज्याची तारीख टिकली त्याची ती नीट वापरावी तरी.

आता आमच्याकडे ती कशी वापरली जाते ते सांगते, आणि मी वेगवेगळ्या चार शाळांमध्ये नोकरी केलीये, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. टेबल, त्यावर सतरंजी किंवा चादर, टिळकांचा मोठा फ्रेमचा फोटो, शेजारी अण्णाभाऊंचा छोटा. दोन हार, एक नारळ, उदबत्ती. मग पोरं एकेक करून येतात, आदरणीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आणि पुढे शेंगांची टरफलं. दहापैकी आठ जण टरफलंच सांगतात. टिळकांच्या एवढ्या मोठ्या आयुष्यातनं पोरांच्या हातात काय येतं तर वर्गात कचरा कोणी केला ती गोष्ट. सहा वर्षं ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवलेला माणूस, तिकडे असताना बायको गेली, सत्यभामाबाई, १९१२ साली, आणि त्याच तुरुंगात बसून 'गीतारहस्य'एवढा मोठा ग्रंथ लिहिला, हे कोणी सांगत नाही.

आणि अण्णाभाऊंवर बोलणारं एखादं पोर असतं, त्याला चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिलेल्या असतात, त्यात एक वाक्य हमखास असतं, फक्त दीड दिवस शाळेत जाऊन त्यांनी एवढं साहित्य लिहिलं. टाळ्या. मला ह्या वाक्याचा फार त्रास होतो हो. शिक्षिका म्हणून होतो. दीडच दिवस का, हे कोणीच विचारत नाही! मांगाचं पोर शाळेत आलं तर त्याला वर्गात कसं बसवलं जायचं, मास्तर कसं वागायचे, म्हणून ते पोर परत गेलं नाही, हा शाळेचा इतिहास आहे, त्या पोराचा चमत्कार नाही. आणि तो आपण शाळेतच उभं राहून कौतुकाने सांगतो.

दोन वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी कार्यक्रम झाल्यावर फोटो आवरायला थांबली होती. हार काढता काढता म्हणाली, बाई, टिळकांना अण्णाभाऊ माहीत होते का? मी म्हणाले, अगं कसे असतील, हे गेले तेव्हा ते जन्मले. ती म्हणाली, मग अण्णाभाऊंच्या लोकांना तरी टिळक माहीत होते का. मला उत्तर आलं नाही, म्हणाले बघून सांगते. आणि खरंच बघायला लागले. त्या पोरीच्या प्रश्नाने मला जे सापडलं त्यासाठी ही एवढी मोठी पोस्ट.

पहिलं म्हणजे १९१८. विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद भरवली होती, टिळक तिथे आले आणि अस्पृश्यतेविरुद्ध कडक बोलले, देवाला जर अस्पृश्यता चालत असेल तर तो देवच मानणार नाही अशा अर्थाचं बोलले. पण नंतर, मी स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सही मागितली ती काही दिली नाही. दोन वर्षांनी, जानेवारी १९२०ला बाबासाहेबांचं 'मूकनायक' हे पाक्षिक निघालं, त्याची जाहिरात पैसे देऊ करूनसुद्धा 'केसरी'ने घेतली नाही. आणि त्याच सालच्या ऑगस्टात वाटेगावात हे पोर जन्मलं. मी टिळकांना कमी लेखायला हे लिहीत नाहीये, माझ्या वडिलांनी आयुष्यभर टिळकांचा फोटो देवाशेजारी ठेवला आणि तो आजही आमच्या घरी आहे. पण भाषण आणि सही यांच्यामध्ये जेवढी जागा राहिली ना, त्या जागेत लाखो माणसं जन्मली आणि मेली, आणि अण्णाभाऊ त्यातले एक. हे सातवीच्या पोरांना कळतं. त्यांना सांगून बघा, आपल्याला वाटतं त्यापेक्षा नीट कळतं.

टिळकांच्याच घरातले श्रीधरपंत, लोकमान्यांचे चिरंजीव, त्यांनी १९२८ला पुण्यात टिळकांच्या राहत्या गायकवाडवाड्यात बाबासाहेबांच्या समाजसमता संघाची शाखा काढली, बाबासाहेबांना बोलावलं, सहभोजन केलं. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी आत्महत्या केली आणि जाण्याआधी बाबासाहेबांना पत्र लिहिलं. हे नाव किती शाळांमध्ये घेतलं जातं? माझ्या सतरा वर्षांत एकदाही फळ्यावर आलं नाही, आणि फळा माझ्याकडेच आहे, म्हणजे चूक माझीच.

आता दुसरं, आणि हे मला सगळ्यात जास्त भिडलं. जुलै १९०८मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा मुंबईतल्या गिरण्यांचे कामगार बाहेर पडले आणि सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस, असा हिशेब! गोळीबार झाला, माणसं मेली, तरी सहा दिवस भोंगे वाजले नि माणसं आत गेली नाहीत. रशियाच्या लेनिनने तेव्हा त्याची दखल घेऊन लिहिलं होतं. कोण होते हे कामगार? कोकणातनं, साताऱ्याकडनं, घाटावरनं पोट हातात घेऊन आलेली माणसं. त्यातल्या किती जणांना 'केसरी' वाचता येत होता कुणास ठाऊक, पण एकाने वाचायचा आणि पन्नास जणांनी ऐकायचा अशी तेव्हाची रीतच होती.

आणि ह्याच मुंबईत वीस-बावीस वर्षांनी भाऊराव साठे पोराबाळांना घेऊन वाटेगावहून पायी चालत गेले. चालत! मी एसटीने रात्रभर बसून जाते तर सकाळी पाय सुजतात. अण्णाभाऊंनी तिथे हमाली केली, पडेल ते काम केलं, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले, लाल बावट्याखाली, म्हणजे कम्युनिस्ट पक्षात आले, शाहीर अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर कलापथक काढलं आणि गिरणगावाच्या चाळींसमोर, मैदानात त्याच कामगारांना उभं राहून लावण्या, पोवाडे, लोकनाट्यं ऐकवली. ज्यांच्या बापांनी १९०८ला टिळकांसाठी पगार बुडवला त्यांची पोरं अण्णाभाऊंच्या समोर जमिनीवर बसली होती. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईसाठी अण्णाभाऊंचा डफ वाजला तोही ह्याच माणसांसमोर, आणि १९६१ला हा माणूस रशियाला जाऊन आला.

म्हणजे पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. अण्णाभाऊंच्या लोकांना टिळक माहीत होते. चांगले सहा दिवस उपाशी राहण्याइतके माहीत होते.

हे सगळं समोर असताना आपण काय करतो? १ ऑगस्टला सकाळपासून फोन बघा. अर्ध्या ग्रुपवर टिळक, अर्ध्यावर अण्णाभाऊ, दोन्ही फोटो एकत्र टाकणारे फक्त शाळेचे नाहीतर ग्रामपंचायतीचे, तेही परिपत्रक आहे म्हणून. गावात संध्याकाळी अण्णाभाऊंची मिरवणूक निघते, डॉल्बी असतो, पोरं बेभान नाचतात, आणि वरच्या आळीतली माणसं दारं लावून घेतात. मला नाचण्याचा राग नाही, वर्षातनं एक दिवस त्या पोरांना रस्ता आपला वाटतो तर वाटू दे. राग ह्याचा आहे की मिरवणूक ज्या दारांवरनं जाते त्यातल्या एकाही घरात अण्णाभाऊंचं एक पुस्तक नसतं, आणि ज्या वस्तीतनं ती निघते तिथेही फारशी नसतात. आमच्या शाळेच्या कपाटात अण्णाभाऊंच्या 'फकिरा' कादंबरीची एक प्रत आहे, तिच्या पहिल्या पानावर बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केल्याचं आहे, आणि मी ती काढली तेव्हा पानं एकमेकांना चिकटलेली होती. पट्टीने सोडवली. म्हणजे आणल्यापासून कोणी उघडलंच नव्हतं.

गेल्या वर्षी मी हेडसरांना विचारून भाषणं बंद ठेवली. फोटो दोन्ही एकाच मापाचे फ्रेम करून आणले, शंभर-दीडशे रुपयाचा प्रश्न होता. १९०८च्या संपाची गोष्ट मी सांगितली आणि 'फकिरा'मधली पाच पानं तीन पोरांनी आळीपाळीने वाचली. वाचताना एक गंमत झाली, पुस्तकातली माणसं जसं बोलतात तसंच आमच्याकडे घरी बोलतात, आणि पुस्तकात असं चालतं हे पोरांना माहीतच नव्हतं, तिसऱ्या पानापासून मागच्या रांगेतली पोरं पुढे सरकायला लागली. मधली सुट्टी झाली तरी उठली नाहीत. सातवीतली ती मुलगी तोवर आठवीसाठी हायस्कूलला गेली होती, त्या दिवशी ती नव्हती ह्याचं वाईट वाटलं, म्हणून संध्याकाळी तिच्या घरी जाऊन तिला उत्तर सांगून आले. तिची आई भाकऱ्या थापत होती, थापता थापता थांबून म्हणाली, सहा वर्षाला सहा दिवस व्हय? आणि परत एकदा सांगायला लावलं.

यंदा फळ्यावर मी १९०८, १९१८ आणि १९२० अशी तिन्ही सालं लिहिणार आहे, बाकीचा दिनविशेष त्या दिवशी नाही. एकच अडचण आहे. १९०८च्या संपाबद्दल सहावी-सातवीच्या पोरांना वाचून दाखवण्यासारखं सोप्या मराठीतलं काही मला मिळालेलं नाही, मोठ्यांसाठी लिहिलेलं मिळालं, ते जड आहे. कोणाकडे काही असेल, घरात जुनं मासिक, कात्रण, गिरणगावातल्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट लिहून ठेवलेली असेल, तर जुलैच्या पंधरा तारखेच्या आत मला कळवा. झेरॉक्सचा आणि कुरिअरचा खर्च मी देईन.