क्लाऊनफिश दोन चमचे मिठावर जगत नाही

केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाऊनफिशबद्दल, म्हणजे विदूषक माशाबद्दल, एक संदेश सध्या पुण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. सहकारनगरला राहणाऱ्या माझ्या भाचीने तो वाचून एका दुकानातून असा मासा घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला आढळला. सातवीतली ती मुलगी आपलेच काहीतरी चुकले असे समजून दिवसभर जेवली नाही. चूक तिची नव्हती, संदेशाची होती, म्हणून त्यातले दावे तपासणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत घातक दावा असा आहे की, काचेच्या पाच लिटरच्या भांड्यात नळाचे पाणी भरून दोन चमचे मीठ टाकले की समुद्राचे पाणी तयार होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे पाच लिटरला १७५ ग्रॅम लागतील. दोन चहाचे चमचे भरतात जेमतेम बारा ग्रॅम. समुद्री माशाच्या रक्तातील क्षार समुद्रापेक्षा कमी असल्यामुळे त्याच्या शरीरातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. ते भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. दोन चमच्यांच्या पाण्यात हा सगळा व्यवहार उलटतो, पाणी माशाच्या अंगात शिरू लागते आणि त्याच्या रक्तातील क्षारांचा तोल ढासळतो. मग मीठ वाढवावे, असे कोणी म्हणेल. तेही चालणार नाही, कारण स्वयंपाकघरातले मीठ जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असते आणि समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व सल्फेटही असतात. शिवाय नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करते, आणि माशाने टाकलेला अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या भांड्यात नसतातच. ते रुजायला काही आठवडे जातात.

दुसरा दावा असा की, हा मासा हवे तेव्हा नराचा मादी आणि मादीचा नर होतो. यातले अर्धे खरे आहे, हे मान्य करावे लागते. एका समुद्रपुष्पावर, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या सी ॲनिमोन या समुद्री प्राण्यावर, राहणाऱ्या गटात सर्वांत मोठी असते ती मादी, तिच्या खालोखाल नर आणि बाकीचे अप्रौढ. मादी मेली की नर मादी होतो आणि अप्रौढांपैकी सर्वांत मोठा त्याची जागा घेतो. पण एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही, आणि बदल त्याच्या मर्जीवर नसून गटातल्या वर्चस्वावर ठरतो. हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी १९७७ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात नेमके हेच मांडले होते. ते मला इथे पुरेसे वाटते, कारण संदेशाने कुठलाही आधार दिलेला नाही.

समुद्रपुष्पाशिवाय हा मासा तडफडून मरतो, असेही त्यात आहे. समुद्रात हे बरेचसे खरे, कारण समुद्रपुष्पाच्या डंख करणाऱ्या शुंडकांच्या, म्हणजे सोंडेसारख्या तंतूंच्या, आश्रयाबाहेर इतर मासे त्याला सहज गट्ट करतात. योग्य खारट पाण्याच्या टाकीत मात्र तो समुद्रपुष्पाशिवायही नीट जगतो. नवख्यांनी समुद्रपुष्प आणूच नये, त्याला माशापेक्षाही स्थिर पाणी आणि प्रखर प्रकाश लागतो. ईशान्य कोपऱ्यात ठेवल्यास धनलाभ होतो, या विधानावर मी शब्द खर्च करत नाही.

शेवटचा दावा मला सर्वांत जास्त लागला: 'हा मासा वर्षभरच जगतो, त्यामुळे मेला तरी वाईट वाटून घेऊ नका.' पापुआ न्यू गिनीच्या प्रवाळांवरील याच्या जवळच्या जातीच्या, ॲम्फिप्रियॉन पर्क्युलाच्या, नोंदींवरून बस्टन आणि गार्सिया या संशोधकांनी २००७ मध्ये मादीचे आयुष्य तीस वर्षांपर्यंत असू शकते असा अंदाज काढला. एवढ्याशा माशाच्या मानाने हे आयुष्य फार मोठे आहे. ज्या गटातून तो संदेश भाचीच्या हाती आला, त्याच गटात हे सारे पाठवायला मी वहिनींना सांगितले आहे.