सेबन यांचा निर्णय हा जुगार नव्हता

अमेरिकन फुटबॉलमधील अलाबामा विद्यापीठ संघाचे तत्कालीन प्रशिक्षक निक सेबन यांनी ८ जानेवारी २०१८ च्या महाविद्यालयीन राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात मध्यंतराला क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) बदलला, तो निव्वळ जुगार होता आणि नशिबाने फळला, हे एका लेखातील मत मला मुळीच पटत नाही. जॉर्जियाचा संघ १३-० असा पुढे होता, सुरुवातीचे क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स यांचे आठपैकी तीनच पास पूर्ण होऊन जेमतेम २१ यार्ड हाती लागले होते, आणि पासवर भर देणारा खेळाडू आणल्याखेरीज सामना वाचण्याचे लक्षण दिसत नव्हते. त्यांच्या जागी आलेल्या टुआ टॅगोवायलोआ यांचा एक पास प्रतिस्पर्ध्यांनी अडवून ताब्यात घेतला, तरी सेबन यांनी त्यांना बाहेर बसवले नाही. माझ्या दृष्टीने खरे धैर्य ते होते. जादा वेळेत १६ यार्ड गमावल्यावर पुढच्याच चालीत टुआ यांनी डेव्हॉन्टा स्मिथ यांना ४१ यार्डांचा पास दिला आणि अलाबामा २६-२३ असे जिंकले.

सेबन चुकले ते नंतर. ज्यांनी सुरुवात केलेल्या २८ पैकी २६ सामन्यांत संघ विजयी झाला, त्या हर्ट्स यांना, आपल्याला काय वाटते हे प्रशिक्षकांसह कोणीच विचारले नाही, असे ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले, ही गोष्ट मला आजही खटकते. तरीही १ डिसेंबरला टुआ जखमी झाल्यावर, २१-२८ अशा पिछाडीवरून, त्याच जॉर्जियाविरुद्ध ३५-२८ असा विजय मिळवून देणारे हर्ट्सच होते.