इम्प्रेशनिस्ट चित्रं कशी बघावीत, म्हणजे बघायला लागणारच नाहीत

तर मंडळी, सध्या 'मोनेच्या विश्वात शिरा' टाइप शोंचं पीक आलंय (मोने म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांपैकी एक). मॉलचा वरचा मजला, हजारभर रुपये तिकीट, आत भिंतभर कमळं हलतायत. गेल्या रविवारी आम्हीपण सहकुटुंब शिरलो, आणि डोकं अजून जागेवर नाहीये, पण पैसे वसूल व्हायला हवेत ना, म्हणून हे मार्गदर्शन.

खरं चित्र एकही नाही म्हणून कुरकुरू नका. एसी आहे, पियानो वाजतोय.

सूर्यफुलांपाशी सेल्फी मस्ट. व्हॅन गॉग इम्प्रेशनिस्टांच्या नंतरचा, असं कुणी पुटपुटलंच तर त्यालाच ग्रुपफोटो काढायला लावा.

'प्रकाशाचा खेळ' असं अधूनमधून म्हणत राहा. तो प्रकाश आकाशातून थेट कॅनव्हासवर पडला, मधे काही घडलंच नाही, अशी श्रद्धा ठेवा. फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमावरून ओसमान नावाच्या अधिकाऱ्याने १८५३ पासून पॅरिसमधल्या जुन्या वस्त्याच्या वस्त्या पाडल्या, गरिबांना शहराच्या कडेला ढकललं, आणि मग जे रुंद रस्ते झाले तेच कायबोत आणि पिसारो या इम्प्रेशनिस्टांनी रंगवले, हे विसरा. रंग ट्यूबमध्ये मिळायला लागले (पेटंट १८४१ चं) आणि रेल्वेने पॅरिसजवळच्या नदीकाठच्या अर्ज्याँतेयला जाता यायला लागलं म्हणून ही मंडळी सामान घेऊन उघड्यावर बसू शकली, तेही विसरा. मोनेने १८७७ ला पॅरिसचं साँ-लाझार स्टेशन इंजिनाच्या वाफेसकट रंगवलंय, त्याला 'काय गोड धुकं' म्हणायचं आणि पुढे सरकायचं.

प्रशियाशी झालेलं युद्ध, त्यात मेलेला यांचा चित्रकार मित्र बाझीय, १८७१ च्या कम्यून नावाच्या उठावात पॅरिसच्या रस्त्यांवर मारलेली हजारो माणसं: स्किप. इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन त्यानंतर तीनच वर्षांनी भरलं म्हणे. असेल.

यांच्यातल्या बाया, बर्थ मोरिझो आणि मेरी कसाट, आई-बाळं रंगवायच्या कारण बायकांना तेच आवडतं, असं ठोकून द्या. त्यांच्या सुखवस्तू वर्गातली बाई एकटी कॅफेत बसली की लोकांच्या तोंडाला कुलूप राहायचं नाही, आणि पॅरिसचं सरकारी कला विद्यालय बायकांना १८९७ पर्यंत बंदच होतं. पण हे ऐकायला कोण थांबतंय.

आता देगा, याच मंडळींतला. त्याच्या बॅले करणाऱ्या मुली मस्त, कुशनवर छान दिसतात, लेकीच्या खोलीत लावा. शोमध्ये त्याचं 'तारका' नावाचं पेस्टल भिंतभर नाचवलं होतं, १८७६ च्या आसपासचं, मूळ पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे. त्या मूळ चित्रात मागे विंगेत काळ्या सुटातला एक माणूस उभा आहे, डोकं पडद्याआड, नुसतं धड दिसतं. आमच्या भिंतीवर तो नव्हता! पुसलेला! तिथल्या पोराला विचारलं तर म्हणे फॅमिली शो आहे ना मॅडम. अरे, तो माणूस म्हणजेच चित्र आहे! पॅरिस ऑपेराचे (बॅले तिथेच व्हायचा) पैसेवाले वर्गणीदार होते ते, वर्षाची सीट घेतली की पडद्यामागे जायची मुभा, आणि तिथे गरीब घरच्या पोरी, पगारात भागत नाही, आणि कधी कधी तर आयाच साहेबांशी बोलणी करणार. देगाच्या चौदा वर्षांच्या नर्तकीचा पुतळा माहितीय ना, ती मारी व्हान ग्योतेम, धोबिणीची पोर. १८८१ ला तो मेणाचा पुतळा मांडला तेव्हा समीक्षकांना तिचं तोंड माकडासारखं वाटलं, आणि पुढच्याच वर्षी ऑपेराने तिला काढून टाकलं. देगा काही साधू नव्हता, ज्यूद्वेषापायी त्याने पिसारोसारखा जुना मित्र तोडला. पण त्याने तो माणूस तिथे उभा केला होता, सगळ्यांना दिसेल असा. तुम्ही कोण हो तो पुसणारे? लाज नाही वाटत? बाई ठेवली, झगा ठेवला, चकचकीत केला, आणि तिच्यावर डोळा ठेवून उभा असलेला तेवढा साफ केलात, वर त्याला फॅमिली शो म्हणताय!

आणि बघणाऱ्यांनो, तुम्हीपण काही कमी नाही. लहान पोरींना त्या भिंतीपुढे उभं करून गिरक्या काय घ्यायला लावत होतात! मूळ चित्र फोनवर फुकट दिसतं, अर्धं मिनिट लागतं. तेवढंही होत नाही तुमच्याच्याने, रील मात्र तीन-तीनदा शूट करता.