नाकारणाऱ्याला श्रेय कशाला?

आज डोकं फार फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून बसली लिहायला. पोस्ट मोठी आहे, वेळ असेल त्यांनी वाचा.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेचं आज स्नेहसंमेलन होतं आणि प्रमुख पाहुणा होता माझा मोठा भाऊ. त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. हाताखाली चार पोरं शिकतात, आजूबाजूच्या गावांतली जळलेली मोटर त्याच्याकडेच येते. शाल-श्रीफळ झालं आणि संस्थेचे अध्यक्ष माइकवर आले. म्हणाले, "हे सर आधी आपल्याच शाळेत होते. आम्ही यांना कमी केलं म्हणून आज हे मालक झाले. मुलांनो, नकार हा आशीर्वाद असतो." मग ॲपलमधून काढलेला स्टीव्ह जॉब्स झाला, कलाम झाले, आकाशवाणीने आवाज नाकारलेले अमिताभ झाले. टाळ्या पडल्या. दादा खाली मान घालून शालीची घडी करत होता.

आशीर्वाद म्हणे!

अध्यक्ष साहेब, तुमच्या मंडपात बोलायची सोय नव्हती, इथे बोलते. शाळा विनाअनुदानित होती. दादा बीएस्सी बीएड, दहावीला विज्ञान शिकवायचा. पगार नाही. दिवाळीला काही हातावर टेकवलं तर टेकवलं. उन्हाळ्यात पट टिकवायला गावोगाव फिरून पोरं गोळा करायची तीही त्यानेच, स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल टाकून. "अनुदान आलं की जागा तुमचीच आहे सर," या एका वाक्यावर त्याची ऐन उमेदीची वर्षं गेली. शेवटी अनुदानाचा टप्पा जाहीर झाला आणि मान्यतेच्या प्रस्तावात दादाच्या जागी दुसऱ्याच पोराचं नाव गेलं. त्या पोराच्या बापाने नोकरीसाठी वावर विकलं होतं. त्या पोराला मी दोष देत नाही, तोही नाडलेलाच. पण दादाला सांगायला तुम्ही स्वतः आला नाहीत. शिपायाच्या हाती निरोप पाठवला की सरांना आता येऊ नका म्हणा.

त्या रात्री दादा जेवला नाही. दहावीच्या पोरांच्या प्रयोगवह्या तपासायला घरी आणल्या होत्या, तो गठ्ठा घेऊन बसला. माय म्हणाली, "आता काहून तपासतं बापा? काढलं ना तुले." तो म्हणाला, "पोरायची परीक्षा हाये, माय." एकेक आकृती पाहून, लाल पेनाने चुका दाखवून, सगळ्या वह्या पुऱ्या केल्या आणि सकाळी शेजारच्या पोराच्या हाती शाळेत पाठवल्या. अशा माणसाला तुम्ही काढलं. आणि आज त्याचंच श्रेय मागता?

आता तुमच्या थोरांच्या गोष्टी घेऊ. जॉब्स १९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर पडला, खरं आहे. पण त्याच्याकडे ॲपलचे शेअर होते. एक ठेवून बाकी सगळे त्याने विकले, त्यातून नवी कंपनी काढली, १९८६ मध्ये लुकासफिल्म या सिनेमा कंपनीचा, पुढे पिक्सार झालेला विभाग विकत घेतला. काढून टाकलं तेच बरं झालं, असं तो नंतर म्हणाला हेही मान्य. त्याने म्हणावं. ज्यांनी काढलं त्यांनी म्हणू नये. कलाम देहरादूनला हवाई दलाच्या निवडीत २५ जणांत नववे आले आणि जागा होत्या ८. मग ऋषिकेशला स्वामी शिवानंदांकडे गेले, हे सगळे रंगवून सांगतात. पण देहरादूनला जायच्या आधीच ते दिल्लीत संरक्षण खात्याच्या तांत्रिक संचालनालयाची मुलाखत देऊन आले होते आणि तिथे त्यांना घेतलं, हे कोणी सांगत नाही. एक दार लागलं तेव्हा दुसरं उघडं होतं. पोरांना निम्मी गोष्ट कशाला सांगता?

आपल्या इकडचंच पाहा ना. उमेश यादव, आपला वेगवान गोलंदाज. वडील नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत कामगार. पोराला पोलिसात घेतलं नाही, सैन्यात घेतलं नाही. मग २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी आणि २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी. आपल्या विदर्भातून भारताकडून कसोटी खेळलेला पहिला गडी. आता भरतीत नापास झालं की असं होतं, असं कोणी म्हणेल का? टेनिस बॉलवर खेळणाऱ्या त्या पोराचा वेग पाहून विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे त्याच्या पाठीशी उभा राहिला. ते नाव किती भाषणांत ऐकलं तुम्ही? मी तर एकाही नाही.

रामानुजन यांचंही तेच. बाकी विषयांत नापास झाले म्हणून कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली. त्यांना केंब्रिजला बोलावणारे गणितज्ञ हार्डी सगळ्यांना माहीत आहेत. पण १९१३ मध्ये हार्डींना लिहिलेल्या त्या पत्राच्या आधी नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ दर महिन्याला पैसे देऊन त्यांना जगवलं. आधी पोट भरलं, मग गणित.

दादाचे रामचंद्र राव म्हणजे अमरावतीचे एक वाइंडिंगवाले चाचा. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. काढून टाकल्यावर दादा काही दिवस नुसता बस स्टँडवर जाऊन बसायचा. तिथे समोरच चाचांचं दुकान. त्यांनीच एक दिवस हाक मारली. "मास्टरजी, पहले जला हुआ खोलना सीखो." मग दादा जळलेल्या मोटरच्या स्लॉटमधून काळी पडलेली तार उपसायला शिकला. एकेक कॉइल सोडायची, वेढे मोजायचे, तारेचं माप घ्यायचं, वहीत लिहायचं. नवी तार भरताना एक वेढा इकडेतिकडे झाला की मोटर तापते. चाचांनी शिकवायचे पैसे घेतले नाहीत, उलट दुपारचा डबा अर्धा करून दिला. आणि वहिनीने आपली पोत सोनाराकडे ठेवली तेव्हा दादाच्या दुकानाचं भाडं भरलं गेलं. शाल द्यायची तर या दोघांना द्या. वहिनी आज मंडपात मागच्या खुर्चीवर होती. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

शाळेतली नोकरी राहिली असती तर दादाने दुकान टाकलं नसतं, असं कोणीतरी खाली लिहीलच. बरं, नसतं टाकलं. पण मग तालुक्याला विज्ञानाचा एक जीव तोडून शिकवणारा मास्तर राहिला असता, त्याचं काय?

आणि शेवटी बडोदा. १९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबियातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. अख्ख्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी सराईत राहिले तर काठ्या घेऊन माणसं आली आणि बाहेर काढलं. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. नोकरी सोडून त्यांना मुंबईला परतावं लागलं. शिष्यवृत्ती सयाजीरावांनी दिली, ते उपकार वेगळे, ते कोणी विसरत नाही. पण त्या काठीवाल्यांनी आशीर्वाद दिला असं म्हणायची हिंमत आहे कोणाची? नागपूरच्या दीक्षाभूमीवर उभं राहून म्हणून दाखवा.

घरी आल्यावर मी दादावर चिडली. म्हटलं, तू माइक का नाही घेतला? तो म्हणाला, "जाऊ दे ना बाई. समोर पोरं बसून होती." त्याचं असंच आहे. इतका राग आला होता मला, पण त्याच्याकडे पाहून पुढे बोलवलं नाही.

एक गोष्ट मात्र मी जाऊ देणार नाही. दादाला शाळेने अनुभवाचा दाखला अजून दिलेला नाही. दिला तर त्याने तिथे इतकी वर्षं शिकवलं हे कागदावर येईल, म्हणून अडवून ठेवलाय. दादा म्हणतो, आता काय कामाचा. मला पाहिजे. आणि आज सूत्रसंचालन करणारी ती तासिकेवरची मुलगी, तिलाही तेच "अनुदान आलं की जागा तुमचीच" सांगून ठेवलंय, तिनेच मला हळूच सांगितलं. तिचं नाव प्रस्तावात जातं की नाही, यावर आपण सगळ्यांनी लक्ष ठेवायचं.

अर्ज लिहून झालाय. बुधवारी शाळेत देते आणि पोच घेऊनच येते. नाही घेतला तर स्पीड पोस्टाने पाठवते, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. ज्यांचे दाखले असेच अडकलेत, मग संस्था कोणतीही असो, त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. सोबतच जाऊ.