डॉक्टर, गावठी औषध आणि एक फिरता संदेश

पावसाळ्यात काविळीची चर्चा सुरू झाली की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण विधाने हीच असतात: झाडपाल्याने माणूस बरा झाला तर औषध कंपन्यांचा धंदा बुडेल, म्हणून ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना आयुर्वेदाचे वावडे असते, गावठी औषधाला दुष्परिणाम नसतात, काविळीवर डॉक्टरांकडे औषधच नाही, म्हणून मुळी घेत असाल तर त्यांना सांगू नका, ते ती बंद करायला लावतील.

पहिले विधान इतिहासाशीच जुळत नाही. गार्सिया द ओर्त या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात इथल्या औषधी द्रव्यांची तपशीलवार नोंद केली आणि त्यात स्थानिक वैद्यांच्या उपचारांचेही उल्लेख आहेत. सर्पगंधेचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीविषयी लिहिले, १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचे निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात मांडले, आणि १९५२ मध्ये सिबा या स्विस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य वेगळे काढले. म्हणजे मुळीमुळे कंपनीचा धंदा बुडाला नाही, उलट उभा राहिला. (स्थानिक ज्ञानाचे श्रेय आणि मोबदला कोणाला मिळाला, हा प्रश्न रास्त आहे, मात्र तो या संदेशात कोणी विचारलेला नाही.)

रेसर्पिनचा वापर पुढे मागे पडला, त्यात नैराश्यासारख्या दुष्परिणामांच्या तक्रारींचाही वाटा होता, आणि ‘दुष्परिणाम नाहीत’ या दुसऱ्या विधानाला तेवढेच उत्तर पुरेसे आहे. ज्येष्ठमध दीर्घकाळ व जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. कोविडकाळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळखच चुकली असावी असा आक्षेप घेतला. तो आक्षेप खरा मानला तरी बाजारातून आणलेल्या काड्या नेमक्या कशाच्या आहेत हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, हेच त्यातून सिद्ध होते. ॲलोपॅथीच्या गोळ्यांनीही यकृत बिघडते, हे खरेच आहे. परंतु गोळीत काय आणि किती आहे हे पाकिटावर लिहिलेले असते, पुडीवर नसते.

काविळीविषयीचे विधान अर्धे खरे असल्यामुळेच ते अधिक धोक्याचे आहे. हिपॅटायटिस ‘ए’ या विषाणूमुळे होणाऱ्या काविळीवर नेमके औषध नाही, आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. या काळात घेतलेल्या कोणत्याही मुळीला बरे करण्याचे श्रेय मिळते, आणि देणाऱ्याचे नाव गावोगाव होते; त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही. पण डोळे पिवळे होणे हे लक्षण आहे, एकच एक रोग नव्हे. पित्तनलिकेत खडा अडकला तरी कावीळ होते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस गंभीर झाला तरी कावीळ होते, आणि भातशेतीत अनवाणी राबणाऱ्यांना पावसाळ्यात त्याचा धोका विशेष असतो. त्यावर मात्र डॉक्टरांकडे औषध आहे: पेनिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिन. ते लवकर द्यावे लागते, कारण उशीर झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून ‘आधी रक्त तपासून घ्या’ असे सांगणारा डॉक्टर मुळीशी भांडत नसतो, तो ही कावीळ कशाची आहे हे शोधत असतो.

‘डॉक्टरांना सांगू नका’ हा शेवटचा सल्ला सर्वांत घातक आहे, पण तो लोकांना पटतो याचा दोष माझ्या मते डॉक्टरांनीही घेतला पाहिजे. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पर्यायी उपचार घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी ते आपल्या डॉक्टरांना सांगितले नव्हते, तेव्हा ही लपवाछपवी केवळ आपल्याकडची नाही. ओपीडीतल्या गर्दीत ‘हे कसले पाले खाता?’ असे एकदा ऐकलेली आजी पुढच्या वेळी गप्पच बसते. ‘आणखी काय घेता?’ एवढा प्रश्न साध्या आवाजात विचारला तर तीच आजी पुडी पिशवीतून काढून दाखवते.

शिवाय हा संदेश परसातली मुळी आणि आयुर्वेद एकाच पंक्तीला बसवतो. गोव्यातच शिरोड्याच्या आयुर्वेद महाविद्यालयात रीतसर शिक्षण मिळते, आणि धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय डिसेंबर २०२२ पासून आहे. तिथल्या वैद्यालाही रुग्ण मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतो का, हे कळावेच लागते. कारल्याचा रस आणि साखर उतरवणारी गोळी एकत्र पोटात गेल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते, मग त्यांपैकी काय कोणी दिले होते याला महत्त्व उरत नाही.