सुट्टीच्या दिवशी कोण राबतंय रे तुझ्याकडं?

आज डोकं फिरलंय. दुपारपासून तीनदा लिहून खोडलं. आता लिहूनच टाकतो, मग जेवतो.

सकाळी काकांना घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. कुठलं ते सांगत नाही. काका म्हणजे आमच्या गल्लीतले, वय ७१, किर्लोस्करवाडीला पंपांच्या टेस्टिंगमध्ये ३४ वर्षं काढलेली. बरोबर साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते ते अण्णा, आणि आम्हाला बारावीला केमिस्ट्री शिकवायच्या त्या बाई. तिघांचं म्हणणं एवढंच, की तुमच्या इमारतीत वीज कुठं वाया जाते, कचरा कुठं तयार होतो ते आम्ही आठ दिवस बघतो आणि लिहून देतो. पैसे नकोत. चहासुद्धा नको.

अडीच तास बाकावर बसवलं. मग आत बोलावून पहिला प्रश्न, "संस्था रजिस्टर आहे का?" दुसरा, "लेटरहेड?" आणि तिसरा, जो मला अजून टोचतोय, "फुकट करताय म्हणजे तुमचा यात इंटरेस्ट काय?"

त्या अडीच तासांत काका गप्प बसले नव्हते. व्हरांड्यातल्या ट्यूबा मोजत होते. चौदा. जुन्या, चोकवाल्या, चोकसकट एकेक पन्नासच्या वर वॅट खाणाऱ्या. भर दुपारी चालू, कारण खिडकीसमोर फायलींचं कपाट आणून लावलंय. "पाऊण किलोवॅट झाला बघ. दिवसाला सहा युनिट, एका कपाटापायी," असं म्हणून त्यांनी वहीत लिहिलं. निघताना त्यांनी एक बटण बंद केलं तर शिपाई मागून ओरडला, "ओ आजोबा, हात लावू नका कशाला!" काका हसले. मला काही हसता आलं नाही.

आता ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी माझ्या कंप्रेसरची गोष्ट सांगतो. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी परत ऐका.

माझं कुपवाड एमआयडीसीत पावडर कोटिंगचं छोटं शॉप आहे. तीन वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी एक फाईल आणायला गेलो, काका स्कूटरवर मागं बसून आले होते. आदल्या दिवशी पोरं कंप्रेसर, म्हणजे पावडर मारायच्या गनना दाबाची हवा पुरवणारं मशीन, तसाच चालू ठेवून गेलेली. शटर वर केलं, तर शॉपमध्ये चिटपाखरू नाही आणि कोपऱ्यात कंप्रेसर धडधडतोय. काका दारातच थांबले.

"सुट्टीच्या दिवशी कोण राबतंय रे तुझ्याकडं?"

"कोण नाही काका, कंप्रेसर आहे."

"तेच विचारतोय. कुणासाठी राबतोय?"

मग त्यांनी एक रिकामा ड्रम उलटा घातला, त्यावर बसले, मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. कंप्रेसर चार मिनिटं चालायचा, सहा मिनिटं थांबायचा. परत चार, परत सहा. असं पाच वेळा मोजलं. सगळ्या गन बंद, एक मशीन चालू नाही. "म्हणजे दहातली चार मिनिटं हा नुसती भोकं भरतोय," काका म्हणाले. "तू पोरांचा पगार मोजतोस, याचा मोजलास का कधी?"

पुढचं काम एक रुपयाच्या शाम्पूच्या पुडीनं झालं. बादलीत फेस केला, पेंटचा ब्रश घेतला आणि प्रत्येक जॉइंटला, कपलरला, पाइपच्या क्लॅम्पला लावत गेले. जिथं बुडबुडे, तिथं खडूची खूण. अकरा खुणा झाल्या. सगळ्यात मोठी गळती टाकीखालच्या ड्रेन कॉकला, म्हणजे टाकीत साठलेलं पाणी सोडायच्या तोटीला. तो आमच्याच पोरानं मुद्दाम किंचित उघडा ठेवला होता, कारण हवेत पाणी आलं की पावडर बसत नाही, फिनिश बिघडतं. म्हणजे पोरगं चुकलेलं नव्हतं, त्याला दुसरा उपाय कुणी सांगितला नव्हता. काकांनी दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून सांगितलं, सकाळी आणि दुपारी पाणी सोडायचं, मग कॉक घट्ट. एक शब्द चढ्या आवाजात नाही. वर प्रेशर आठ बारवरून साडेसहावर आणलं. एक बार कमी केला की साधारण सहा-सात टक्के वीज वाचते, हे मला वयाच्या ४३ व्या वर्षी कळलं.

आठवड्यानं परत मोजलं. दहातलं एकच मिनिट. दहा हॉर्सपॉवरचा कंप्रेसर, दिवसाला दहा तास, महिन्याला २६ दिवस. दहातली तीन मिनिटं वाचली, तुम्हीच गुणाकार करा. आठ रुपये युनिट धरलं तरी महिन्याला साडेचार हजारांच्या वर, तीन वर्षांत दीड लाखाहून जास्त. काकांनी काय घेतलं? भडंगाचा एक पुडा. तोही मी जबरदस्तीनं दिला.

या माणसाला विचारतात, इंटरेस्ट काय.

२००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आहे, मोठ्या कारखान्यांना विजेचं-इंधनाचं ऑडिट सक्तीचं आहे, परीक्षा पास झालेले ऑडिटर आहेत, सगळं आहे. पण दहा हॉर्सपॉवरवाल्याकडं कोण येणार? शाळेच्या पाण्याच्या मोटरीकडं कोण बघणार? फुकट काम केलं की ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांचं नुकसान होतं म्हणतात. बरं, असेल. पण ते माझ्याकडं कधी आले असते?

आणि हो, रिटायर्ड माणसं डोकं खातात. काका त्या बोअरच्या पंपाची एक गोष्ट दर गणपतीत सांगतात, मला पाठ आहे. मान्य. पुढं.

अमेरिकेचं उदाहरण दिलं की आपल्याकडं लगेच पटतं म्हणून देतो. माझा मेहुणा नॉर्थ कॅरोलायनात आहे. तिथं वेस्ट रिडक्शन पार्टनर्स म्हणून गट आहे. निवृत्त इंजिनिअर, आर्किटेक्ट, शास्त्रज्ञ स्वयंसेवक म्हणून कारखान्यांत आणि सरकारी इमारतींत जाऊन वीज, पाणी, कचरा कुठं वाचेल ते सांगतात. मेहुण्यानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, यात नवीन काय, आमच्याकडं तीन आहेत. फक्त ते बाकावर बसलेत.

बाईंचं तर अजून सांगितलंच नाही. मागच्या लग्नसराईत त्या एका मंगल कार्यालयात वजनकाटा घेऊन खरकट्याच्या बादल्यांपाशी उभ्या राहिल्या. साडी खोचून, ७० व्या वर्षी! चार लग्नं वजन केली. सगळ्यात जास्त काय टाकलं जातं? आम्हाला वाटलं जिलबी. निघाला भात. तिसऱ्या फेरीत वाढपी न विचारता वाढतो तो. बाईंनी मालकाला दोनच गोष्टी सांगितल्या, भाताचा डाव लहान करा आणि वाढण्याआधी विचारायला लावा. चारच्या तीन बादल्या झाल्या. उरलेल्याचं खत कसं करायचं ते अण्णांनी दाखवलं. साखर कारखान्यात जन्म गेलेला माणूस, चिपाडाचा भुगासुद्धा बॉयलरला जातो हे बघत आलेला. त्याला 'कचरा' हा शब्दच मुळात पटत नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला बहुतेक. कारण २०१९ आठवलं.

ऑगस्टचा पूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर गावभागात नुसता चिखल आणि भिजलेल्या गाद्यांचे ढीग. एक पिठाची गिरणीवाला, वीज आल्या आल्या मोटर चालू करायला निघाला होता. काका रस्त्यावरूनच ओरडले, "बटण दाबू नको! जाळशील!" मोटर खोलली, स्वच्छ पाण्यानं गाळ धुतला, आत दोनशे वॅटचे दिवे लावून दोन दिवस वाळवली. मी बॅटरी धरून उभा. मेगर लावला, म्हणजे आतलं इन्सुलेशन तपासायचं मीटर, काटा वर चढेना, ओल अजून होती. परत दिवे. तिसऱ्या दिवशी चढला. त्या आठवड्यात काकांनी अशा किती मोटरी वाचवल्या, त्यांनी मोजलं नाही, मीही नाही. त्यातली प्रत्येक भंगारात गेली असती.

तेव्हा कुणी लेटरहेड मागितलं नव्हतं.

आणि आता खरं सांगायचं तर मीही काही वेगळा नाही. ती बॅटरी धरलेला मी, पुरानंतर काका जेव्हा जेव्हा म्हणायचे "तुझं शॉप एकदा बघायला येतो रे," तेव्हा तेव्हा म्हणायचो, "पुढच्या आठवड्यात बघू काका." कितीतरी महिने टोलवलं. म्हातारा येणार, दोन तास घेणार, ऑर्डर पेंडिंग आहे. त्या दिवशी फाईल विसरली नसती तर ते आलेच नसते. त्या साहेबांनी निदान अडीच तासांत नकार तरी दिला.

१४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन येईल. त्या कार्यालयावर फ्लेक्स लागेल, पोरांची प्रभातफेरी निघेल, आणि व्हरांड्यात चौदा ट्यूबा चालू असतील. अर्ज मात्र आवक-जावकला देऊन आलोय, शिक्का मारून घेतलाय. काकांनीच आग्रह केला. येताना स्कूटरवर मागून म्हणतात कसे, "कपाट हलवायला दोन माणसं लागतील. आपली पोरं देशील का?"

देणार.

तर मंडळी, मिरज, कुपवाड, माधवनगर, जिथं कुठं कुणाचा कंप्रेसर असेल, कमेंटमध्ये फक्त 'या' लिहा. तुमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला काकांना मी घेऊन येतो. मशिनं सगळी बंद ठेवा, कंप्रेसर तेवढा चालू ठेवा. बसायला एक रिकामा ड्रम आणि शाम्पूची पुडी लागेल. चहा बिनसाखरेचा.