साडेसाती गुणिले दोनशे

माझ्या दुर्बिणीच्या काचेवर एका माणसाने "हाऽऽ" करून श्वास सोडला, त्याला काल आठवडा झाला. चष्मा पुसण्याआधी सोडतात, तसा. बायको म्हणते, सोडा आता. मी सोडणार नाही.

गोव्यात राहून आकाशाचे फोटो काढणे हा मुळातच उलटा उद्योग. जून ते सप्टेंबर दुर्बीण पेटीत आणि बुरशीही त्याच पेटीत. ऑक्टोबरात ढग "येतो हं" म्हणत दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखे. दुर्बिणीचा अक्ष ज्या ताऱ्यावर जुळवायचा तो ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंशांवर, म्हणजे हमखास कुणाच्या तरी माडाच्या चुडतांत अडकलेला. म्हणून मी पेडण्यातल्या आमच्या गावाबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर जातो. काळोख बरा असतो. दव पडते, पण त्याला केस वाळवायचा ड्रायर आहे. माणसांना काय लावायचे, ते अजून बाजारात आलेले नाही.

२२ नोव्हेंबरचा शनिवार मी सहा महिन्यांपासून राखून ठेवला होता. अमावास्या नुकती होऊन गेलेली, आणि दुसऱ्याच दिवशी शनीच्या कड्यांचा कल आपल्या बाजूने या हंगामातला सर्वांत कमी होणार होता, अर्ध्या अंशाहूनही कमी. कडी नव्हेच, गोळ्यातून आरपार गेलेली एक रेघ. ती रेघ मला हवी होती. ग्रहाचा एकच फोटो काढून भागत नाही. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या हजारो चौकटींतल्या हवा स्थिर असतानाच्या तेवढ्या वेचायच्या आणि एकावर एक रचायच्या. तांदूळ निवडण्यासारखेच काम, फक्त अंधारात आणि डास चावत असताना.

तिसरा व्हिडिओ चालू असताना स्कूटर आली. हाय बीमसकट, थेट डोळ्यांवर.

"मास्तर! कितें हें? तोफ?"

वाड्यावरचेच भाई. तीस वर्षे पतसंस्थेत व्याजाचे हिशेब करून निवृत्त. शेजारच्या गावात दशावतारी नाटकाला निघालेले. नाटक दहाला सुरू होणार होते, म्हणजे अकराला, म्हणजे बाराला. माणसाकडे वेळच वेळ.

"शनीचा फोटो काढतोय," मी म्हणालो. चूक तिथे झाली.

भाईंनी स्कूटर बंद केली, चपला काढल्या आणि दुर्बिणीला लांबून नमस्कार केला. मग एकदम मराठीत शिरले. आमच्याकडे मासळीबद्दल कोंकणीत बोलतात आणि देवाधर्माबद्दल मराठीत. भाषा बदलली की समजावे, प्रकरण गंभीर आहे.

"माझी मेष रास. मार्चमध्ये साडेसाती लागली, मास्तर."

मी मास्तरकी केली. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, राशी बारा, म्हणजे एकेकीत अडीच वर्षे. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची मिळून साडेसात. यात शनीचा तुमच्यावर वैयक्तिक राग नाही, तो नुसता चालतो आहे, तोही सव्वाशे कोटी किलोमीटरहून लांब. भाईंनी मान डोलावली. माझे खगोलशास्त्र मंजूर झाले होते, पण कर्ज फेडायचे राहिलेच होते.

"जरा दाखवा तर."

कॅमेरा काढला. (तो काढायला दोन मिनिटे लागतात, परत बसवून फोकस करायला वीस. हे कुणाला सांगायचे?) आयपीस लावली. भाई वाकले, आणि डोळा टेकवायच्या आत थबकले.

"हे कितीपट मोठे करते?"

"आता दोनशे पट."

"म्हणजे शनी दोनशे पट जवळ आला."

"दिसायला."

"दिसायलाच म्हणतोय मी. त्याची दृष्टीच तर वाईट. आपण त्याला बघायचे म्हणजे तोही आपल्याला बघणार. दोनशे पटीने." क्षणभर शांतता. पतसंस्था जागी झाली. "साडेसात गुणिले दोनशे. दीड हजार वर्षे!"

इतका बिनचूक हिशेब मी वर्गात वीस वर्षांत ऐकला नाही. मी काही बोलायच्या आत त्यांनी उपायही काढला. "मग उलट्या बाजूने बघूया. तिथून वस्तू लांब जाते ना? दोनशेने भागा. पंधरा दिवसांत सुटलो."

दुर्बिणीला पुढून काच आहे, आत आरसे आहेत, तिथून काही दिसत नाही, हे मी सांगेपर्यंत भाई मोबाईलचा टॉर्च लावून पुढच्या बाजूला पोचलेही होते. आतल्या अंतर्गोल आरशात त्यांना एक प्रचंड मिशी दिसली. ते दचकून मागे सरले.

"आत कोण आहे?"

"तुम्हीच."

"काच मळलीय तुमची, मास्तर." आणि "हाऽऽ". दुसरा हात रुमालासाठी खिशात. तो हात मी कसा धरला, मला आठवत नाही. पण त्या क्षणी माझी रासही मेषच झाली असावी.

माझा राग भाईंवर आहे असेही नाही. क्रिकेट खेळणाऱ्याला कुणी विचारत नाही की याचा उपयोग काय, बॅट जरा माझ्याकडे दे बघू. दुर्बीण मात्र सार्वजनिक. कुणीही यावे, हात लावावा, "चंद्रावरचा झेंडा दिसतो?" विचारावे, आणि नाही म्हटले की "मग काय फायदा" म्हणून निघून जावे. सड्याच्या कडेला गेल्या वर्षी दोन घरे झाली. दोन्हींच्या अंगणात पांढरे दिवे, तोंड वर करून, रात्रभर. चोर काय आकाशातून येणार आहेत? विचारायला गेलो तर म्हणाले, मास्तर, तुम्ही रात्रीचे सड्यावर फिरता, तुम्हालाच उजेड बरा. माझ्या आजीला व्याध कुठवर आला ते पाहून रात्र किती उरली ते कळायचे. आता आमच्या अंगणातून कृत्तिकांचे सहा तारेही मोजून होत नाहीत. असो.

ड्रायरने काच वाळवली. शेवटी भाईंनी एक डोळा मिटून, दुसरा अर्धा उघडून, मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत शनी पाहिला.

"कडे कुठेय?"

कडे आहे, पण सध्या आपल्याला ते कडेने दिसते. ताट डोळ्यांच्या रेषेत धरावे तसे. रुंदी पावणेतीन लाख किलोमीटर, जाडी बऱ्याच ठिकाणी दहाएक मीटर. गॅलिलिओने १६१० साली शनीच्या दोन बाजूंना काहीतरी पाहिले, आणि १६१२ मध्ये तेच नाहीसे झालेले पाहून तोही चक्रावला होता. हे मी तळमळीने सांगितले. भाईंनी चपला घातल्या.

"गळाले तर."

"गळाले नाही हो! दिसत नाही!"

"पतसंस्थेतही असेच म्हणायचे," भाई म्हणाले. "पैसे आहेत, फक्त दिसत नाहीत." मग आवाज खाली आला, भाषा बदलली. सोमवार आणि गुरुवार शिवराक (म्हणजे शाकाहारी) होतेच, मार्चपासून बायकोने शनिवारही बंद केला होता. "मास्तर, तर शेनवारा बांगडो खाल्ल्यार चलता मरे?"

मी "तुमची मर्जी" म्हणालो. त्या रात्री पुन्हा फोकस जुळेपर्यंत शनी पश्चिमेला कलला होता, हवा उकळत्या पेजेसारखी, रेघ थरथरत होती. एकही चौकट धड नाही. अशी रेघ पुन्हा २०३८ मध्ये. तोवर भाईंची साडेसाती केव्हाच संपलेली असेल आणि माझ्या गुडघ्यांची सुरू झालेली असेल.

काल संध्याकाळी भाईंच्या घरातून तळलेल्या बांगड्याचा वास आला. शनिवारी. वाड्यावर बातमी अशी की मास्तरांनी यंत्र लावून तपासले, शनीचा जोर ओसरलाय. आज सकाळी पलीकडची मावशी पिशवी घेऊन दारात. "मास्तर, राहू केन्ना दिसता?"

राहू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो नुसता बिंदू, तिथे बघण्यासारखे काही नाही, असे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले.

"म्हणजे तोय गेलो?" मावशी म्हणाली, आणि लगबगीने मासळीच्या गाड्याकडे निघाली.